ओ, जप्त इस!

दुबईच्या त्या हॉटेलात सदानंद मयेकराला त्याच्या नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. वेटर त्याला कॅप्टन म्हणत, किचनवाले मयेकरभाई म्हणत, आणि ऑक्टोबर उजाडला की सगळे मिळून त्याला 'जर्मन' म्हणत. हे शेवटचं नाव त्याला सगळ्यांत प्यारं होतं. एरवी वर्षभर तो काळी पँट आणि बो टाय घालून पार्ट्यांच्या टेबलांवर नजर ठेवायचा. पण ऑक्टोबरातल्या त्या एका आठवड्यात हॉटेलचा मोठा हॉल निळ्यापांढऱ्या पताकांनी सजायचा, लाकडी बाकं लागायची, आणि सदानंद चामड्याची अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्यावर पिसाची टोपी अशा थाटात बाहेर पडायचा. पहिल्या वर्षी त्याचा तो फोटो पाहून बायकोनं, नर्मदानं, विचारलं होतं की परत शाळेत नाव घातलंय का. त्यानं मनावर घेतलं नाही. मान मिळायचा असेल तर चड्डीकडे बघायचं नसतं, एवढं तो शिकला होता.

या जर्मन उत्सवाची सुरुवात व्हायची ती पिंप फोडण्यानं. फोडायचं खरं तर काही नसतं. एखादा बडा जर्मन पाहुणा लाकडी हातोड्यानं पितळी तोटी पिंपात ठोकून बसवतो, थोडी बिअर त्याच्याच शर्टावर उडते, आणि मग कोणीतरी छाती फुगवून ओरडायचं असतं, की बसली बुवा तोटी, आता प्या. जर्मन लोक हे दोनतीन शब्दांत म्हणतात. ते शब्द ओरडायचा मान गेली कित्येक वर्षं सदानंदाकडे होता. जुन्या शेफनं एकदा ते त्याच्या कानात सांगितले, यानं तळहातावर देवनागरीत उतरवून घेतले, आणि पहिल्याच वर्षी असे काही दणकून म्हटले की हॉलमधले झाडून सगळे बिअरचे मग उंचावून उभे राहिले. "ओ, जप्त इस!" तेव्हापासून सदानंद तेच म्हणत आला होता आणि जर्मन पाहुणेही आनंदानं पीत आले होते.

गेल्या वर्षी हॉटेलाला नवे जनरल मॅनेजर आले, मिस्टर ब्रांट. हॅम्बर्गचे, म्हणजे जर्मनीच्या पार वरच्या टोकाचे. त्यांनी मीटिंग घेऊन सांगितलं की असले उत्सव दुबईत सगळीच हॉटेलं करतात, आपल्या हॉलला स्वतःचा असा एक चेहरा, एक माणूस हवा. त्या माणसानं पाहुण्यांना बिअर आणि जर्मनी यांच्या नात्याची गोष्ट सांगायची, पिंपाशी उभं राहून ते शब्द ओरडायचे, आणि पुढच्या सप्टेंबरात हॉटेल त्याला म्यूनिकला पाठवेल, खरा उत्सव बघायला. हे ऐकताच मीटिंगमधल्या सगळ्या माना सदानंदाकडे वळल्या. इतकी वर्षं जर्मन म्हणून मिरवलेल्या या माणसानं जर्मनी कधी पाहिलेला नव्हता. त्या संध्याकाळी शारजाला अल मजाजच्या आपल्या फ्लॅटवर परतल्यावर त्यानं नर्मदाला जाड स्वेटर कुठे ठेवलाय ते विचारून घेतलं.

मान वळली नव्हती ती एकाच व्यक्तीची. तिचं नाव मिहिका. पुण्याची, जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसची, उन्हाळ्यात इव्हेंट्सच्या कामावर लागलेली. जुमेरा लेक टॉवर्समध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहायची. आणि ती जर्मन शिकलेली होती. पुण्यात शेजारची मुलं गाणं शिकायला जातात तशी ही शाळेपासून जर्मन शिकायला जायची. सदानंदाला ही गोष्ट पहिल्या तालमीच्या दिवशी कळली, आणि ज्या रीतीनं कळली ती त्याला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

त्यानं नेहमीसारखी छाती फुगवून आरोळी ठोकली. वेटरांनी टाळ्या वाजवल्या. मिहिका पुढे आली आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू, म्हणाली, "सर, एक सांगू? ते 'जप्त' नाहीये. 'ओ त्साप्फ्ट इस' आहे. 'त्सा', आपल्या 'वत्स'मधला. म्हणजे, तोटी ठोकलीय. तुमचं ऐकून मला क्षणभर वाटलं, कोणाची प्रॉपर्टी जप्त झाली की काय."

हॉलमध्ये असलेले सगळे हसले. सदानंदही हसला, आणि अंगाचा तिळपापड होत असताना हसायला किती जोर लागतो ते त्याला त्या दिवशी समजलं. इतकी वर्षं तो भर सभेत 'जप्त, जप्त' म्हणून ओरडत होता आणि एकाही जर्मनाला ते खटकलं नव्हतं. खटकलं कोणाला, तर पुण्याच्या मुलीला. त्या रात्रीपासून तो न्हाणीघरात नळ सोडून 'त्सा, त्सा' घोटू लागला. बाहेरून त्याच्या लेकीनं, रिद्धीनं, दार वाजवून विचारलं, "बाबा, आर यू ओके? शुड आय कॉल समवन?"

त्यानंतर मिहिकाची एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. ती ब्रांटसाहेबांशी लिफ्टमध्ये जर्मनमध्ये काहीतरी बोलायची आणि एरवी ज्या माणसाचा चेहरा इस्त्री केल्यासारखा असे तो खो खो हसायचा. कशाला हसले ते सदानंदाला कळायचं नाही, आणि आपल्यालाच हसले असतील असं मात्र पक्कं वाटायचं. दुसऱ्याच आठवड्यात तिनं 'सर' सोडून त्याला 'काका' म्हणायला सुरुवात केली. उत्सवाच्या जाहिरातीसाठी ती लॉबीत हिरव्या झग्याचा बव्हेरियन, म्हणजे दक्षिणेतल्या म्यूनिककडचा, पोशाख घालायची आणि तो तिला असा शोभायचा की पाहुणे तिला विचारायचे, तुम्ही जर्मनीत कुठल्या. सदानंदाला इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ही मुलगी बिअर पीतही नव्हती. कडू लागते म्हणायची. लिंबूपाणी पिऊन वर बिअरच्या गप्पा मारायच्या, याला काय म्हणावं? मराठीत जळणाऱ्या माणसाविषयी म्हणतात की तो दुसऱ्याला पाण्यात पाहतो. सदानंद तिला पाण्यात तर पाहतच होता, वर बिअरच्या बार्लीत आणि हॉप्सच्या कडू फुलांतही पाहत होता.

एका दुपारी दोघं काचेचे मग पुसत बसले होते. उत्सवाआधी हे काम सगळ्यांना करावं लागायचं. मिहिकानं सहज विचारलं, "काका, तुम्हाला 'जप्त'च का ऐकू आलं असेल? माझ्या कानाला तो शब्द सुचलाच नसता."

सदानंदाला खरं म्हणजे गप्प बसायचं होतं. पण तुमच्याकडे शिकवण्या असतील, आमच्याकडे हे रक्तातच आहे, हे तिला एकदा ऐकवावं अशी खुमखुमी आली आणि तो बोलून गेला. आचऱ्याजवळच्या त्याच्या गावात त्याचे वडील, बाबाजी मयेकर, माडी काढायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे, आणि त्यांचेही. माडावर चढायचं, नारळाची कोवळी पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून घ्यायची, तिला हलक्या हातानं ठोकायचं, तासायचं आणि खाली मडकं अडकवून यायचं. सकाळची माडी गोड असते, उन्हं चढली की ती बोलायला लागते, असं बाबाजी म्हणत. गावात कोणाकडे पाहुणा आला, मूल झालं, देवाला गाऱ्हाणं घातलं, तरी माडी मयेकरांकडचीच जायची. मग एका वर्षी लायसन संपलं आणि नवं काही होईना. तरी बाबाजी माडावर चढत राहिले. शेवटी अबकारी खात्याची जीप अंगणात आली. जमादार एकेका मडक्यावर काठी टेकवत फिरला आणि प्रत्येक मडक्यापाशी एकच शब्द म्हणत गेला. जप्त. जप्त. जप्त.

बाबाजींनी हातपाय जोडले नाहीत की आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पावती देतास?" जमादाराला एवढं हसू आलं की काठी हातातून पडली. माडी अंगणातच ओतली गेली आणि बाबाजी पुन्हा कधी माडावर चढले नाहीत. पण तो प्रश्न घरात राहिला. मांजरीनं बांगडा पळवला, पावसानं कौल नेलं, कोणाची चप्पल देवळातून गेली, की बाबाजी विचारायचे, पावती घेतलंस?

मिहिकाचा हात मगवरच थांबला होता. "काका, हे तुम्ही इथे कोणाला कधीच सांगितलं नाहीत?" ती म्हणाली. सदानंदानं खांदे उडवले. कितीतरी दिवसांनी आज आपण जिंकलो, असं त्याला वाटलं.

ते जिंकणं फार टिकलं नाही. उत्सव तोंडावर आला तेव्हा ब्रांटसाहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. गोष्ट मिहिका सांगणार. तेही ठीक होतं. पण मग ते शब्दही मिहिकाच म्हणणार होती, कारण यंदा जर्मन वकिलातीतले पाहुणे येणार होते आणि उच्चार नीट हवे होते. सदानंदानं पिंप धरायचं. ठोकताना ते हलू नये म्हणून अनुभवी हात हवेत, असं साहेब अगदी प्रेमानं म्हणाले. म्हणजे ज्यानं इतकी वर्षं नवरदेव म्हणून मिरवलं त्याला आता घोडीचा लगाम धरून चालायला सांगितलं होतं. सदानंद "येस सर" म्हणून बाहेर आला.

घरी येऊन त्यानं जेवणाचं ताट सरकवलं. शारजात दारूचं नाव काढायची सोय नाही, म्हणून नर्मदा त्याचे कामाचे कपडे आल्याआल्या पिशवीत बांधून टाकायची. ती गाठ मारताना तिनं सगळं ऐकून घेतलं. पोरीचं यात काय चुकलं, असं तिनं विचारलं. तिला ती भाषा येते, तुम्हाला येत नाही. सदानंद म्हणाला, भाषेचं नाही, न्यायाचं आहे. मी मरमर मरायचं आणि हिनं परवा येऊन माझा शब्द, माझी जागा, माझं म्यूनिक घेऊन जायचं. नर्मदानं पिशवी दाराशी ठेवली.

"तुम्हाला म्यूनिकला जायचंय, की तिनं जायला नकोय?" ती म्हणाली. "ते आधी एकदा ठरवा."

उत्तर सदानंदाला माहीत होतं आणि ते चांगलं नव्हतं. तो उठून रिद्धीच्या खोलीत गेला. तालमीत ऐकलेलं मिहिकाचं भाषण त्याला पाठ झालं होतं. सन पंधराशे सोळा, बव्हेरियाच्या ड्यूकनं, म्हणजे तिथल्या राजानंच म्हणा, फर्मान काढलं की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी सोडून काही घालायचं नाही, आणि तेव्हापासून बिअर म्हणजे जर्मनी आणि जर्मनी म्हणजे बिअर. यात काही खोट आहे का ते बघ, असं त्यानं लेकीला सांगितलं. रिद्धीनं मोबाइलवर थोडा वेळ बोट फिरवलं, मग हसायला लागली. जे काही सापडलं ते तिनं बापाला समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सो बेसिकली इट्स मार्केटिंग, बाबा." सदानंदाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन सरकवलेलं ताट परत ओढलं आणि मागून भात घेतला.

बेत सोपा होता. वकिलातीच्या पाहुण्यांसमोर मिहिकानं ते पंधराशे सोळा काढलं की पिंपाशेजारून आपण अगदी भाबडेपणानं एक शंका विचारायची. ती अडखळेल. ब्रांटसाहेबांना कळेल की उच्चार असून ज्ञान होत नाही. पुढचं आपोआप होईल. यात कोणाचं काही वाईट करतोय असं त्याला वाटलं नाही. मत्सरी माणसाला आपण सत्याच्या बाजूनं उभे आहोत असं फार पटकन वाटतं.

उत्सवाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. सदानंद चामड्याच्या चड्डीत, पिंपाला दोन्ही हातांनी कवळून उभा होता. ब्रांटसाहेबही तसल्याच चड्डीत होते आणि सारखे तिचे पट्टे ओढत होते. वकिलातीतला एक थोराड, पांढऱ्या मिशांचा पाहुणा हातोडा घेऊन तयार होता. मिहिका हिरव्या झग्यात पुढे आली, माइक घेतला आणि इंग्रजीत बोलायला लागली, मधूनमधून जर्मनची फोडणी देत. राजा आला, फर्मान आलं, बार्ली-हॉप्स-पाणी झालं. "आणि त्या दिवसापासून जर्मनी आणि बिअर एकच," ती म्हणाली.

सदानंदानं घसा खाकरला. शेजारच्या वेटरच्या हातातला दुसरा माइक त्यानं ओढून घेतला.

"एक्सक्यूज मी, मिस मिहिका. पंधराशे सोळा साली जर्मनी होता कुठे? तो कायदा फक्त बव्हेरियाचा होता ना?"

ब्रांटसाहेबांचा हात पट्ट्यावरच राहिला. मिहिकानं वळून त्याच्याकडे पाहिलं. सदानंद तिचा चेहरा पडायची वाट बघत होता, पण चेहरा पडला नाही. तिचे डोळे मोठे झाले, आणि मग सुटी जाहीर झाल्यावर पोरं हसतात तशी ती हसली. हातातला कागद तिनं घडी करून झग्याच्या खिशात टाकला.

त्यानंतर ती जे बोलली ते तालमीत एकदाही बोललेली नव्हती. काका बरोबर विचारतायत, तिनं सुरुवात केली. तेव्हा जर्मनी नव्हताच. छोटी छोटी संस्थानं होती आणि गावागणिक निराळी बिअर होती. कुठे तिच्यात धने आणि मीठ घालत, कुठे रानातली झुडपं. बव्हेरियाच्या राजाला देशाची ओळख वगैरे घडवायची नव्हती. गहू पाववाल्यांसाठी राहावा आणि बिअर महाग होऊ नये, एवढीच त्याची काळजी. पुढे साडेतीनशे वर्षांनी सगळी संस्थानं मिळून एक देश झाला, तेव्हा बव्हेरियावाले अडून बसले की बिअर आमच्याच रीतीनं व्हायला हवी. होता होता एकोणीसशे सहा साली तो नियम सगळ्या देशाला लागू झाला आणि धन्या-मिठाच्या कितीतरी बिअर बाजूला पडल्या. त्या नियमाला 'शुद्धतेचा कायदा' हे सोवळं नावसुद्धा मिळालं ते पहिल्या महायुद्धाच्या शेवटी. आणि आता आपण जे ओरडणार आहोत ना, ती रीत तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, एकोणीसशे पन्नासची. जळून गेलेल्या देशाला मान खाली न घालता मोठ्यानं ओरडता येईल असं काहीतरी हवं होतं. "आणि मिस्टर ब्रांट," ती म्हणाली, "तुमच्या हॅम्बर्गच्या आजोबांनी अशी बव्हेरियाची चड्डी कधी घातली होती का?"

ब्रांटसाहेब आधी दचकले आणि मग मांडीवर थाप मारून असे हसले की त्यांच्यामागे अख्खा हॉल हसला. पांढऱ्या मिशांचा पाहुणा डोळे पुसायला लागला. सदानंदाला पिंप सोडता येत नव्हतं.

मिहिकानं आवाज खाली आणला. ओळख ही अशी बनते, ती म्हणाली. कोणीतरी ठरवतं की हे आपलं. मग त्याला कायदा मिळतो, पताका मिळतात, गाणी मिळतात, आणि नातवंडांना वाटायला लागतं की हे जगाच्या आरंभापासून असंच आहे. सगळ्यांच्याच पेयाच्या नशिबी हे नसतं. आणि तिनं पिंपाकडे बोट केलं. या माणसाचे वडील, बाबाजी मयेकर. मग माड आले, पोय आली, सकाळची गोड माडी आली, ती उन्हं चढल्यावर बोलायला लागली. जीप आली. जमादाराची काठी आली. जप्त या शब्दाचा अर्थ तिनं सगळ्यांना समजावून सांगितला, आणि हा माणूस इतकी वर्षं तुमच्यासमोर काय म्हणून ओरडत होता तेही सांगितलं.

"एका पेयाला राखायला कायदा आला," ती म्हणाली. "दुसऱ्याला न्यायला जीप आली."

सगळा हॉल उभा राहिला. लोक सदानंदाकडे बघून टाळ्या वाजवत होते, बाकांवर मग आपटत होते. अशा वेळी माणसाला भरून यावं. सदानंदाला भरून आलं नाही, तो जळत होता. स्वतःच्या बापावर जळत होता. कारण मिहिकाच्या तोंडून हॉलमध्ये येऊन उभे राहिलेले बाबाजी त्याच्या तोंडून कधी एवढे उंच झाले नव्हते. आपण ती गोष्ट तिला हिणवायला सांगितली आणि तिनं ती माणसांना उभं करायला सांगितली, हे त्याला तिथल्या तिथे कळलं, आणि कळल्यानं जळणं आणखीच वाढलं. फक्त पावतीचं तिनं काही सांगितलं नाही. विसरली असेल, किंवा किरकोळ वाटली असेल. तेवढं एक आपल्याकडे राहिलं, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं.

मिशाळ पाहुण्यानं तोटी ठोकली, बिअर सगळी सदानंदाच्या छातीवर उडाली. मिहिकानं माइक त्याच्यापुढे केला. "काका, तुम्हीच म्हणा," ती म्हणाली.

हा क्षण सदानंदानं सोडला नाही. न्हाणीघरात घोटलेलं सगळं त्यानं जिभेवर आणलं आणि हॉल दणाणून सोडला, "ओ त्साप्फ्ट इस!" उच्चार असा की म्यूनिकच्या महापौरानं कान टवकारावेत. तो मिहिकाकडे बघत होता. पण हॉलमधून हिरमुसल्यासारखा 'नाइन, नाइन', म्हणजे नाही, नाही, असा सूर उठला. मिशाळ पाहुण्यानं हातोडा हलवत सांगितलं, असं नको, तुझं म्हण. मागच्या बाकावर कोणीतरी सुरू केलं आणि बघता बघता वकिलातीसकट सगळे जर्मन मग आपटत एका तालात ओरडायला लागले, "जप्त! जप्त! जप्त!"

समारंभानंतर ब्रांटसाहेबांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. प्रश्नाची कल्पना फारच उत्तम होती, असं टीमवर्क मी आजवर पाहिलं नाही, असं म्हणाले. ते गेल्यावर मिहिका त्याच्या जवळ आली. तिचे डोळे भरले होते. "थँक्यू काका," ती म्हणाली. "सरांनी तो खऱ्या इतिहासाचा सगळा भाग मला कट करायला लावला होता, पाहुणे हर्ट होतील म्हणून. तुम्ही विचारलं नसतं तर मला काही बोलताच आलं नसतं. तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," सदानंद म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तुला तोंडघशी पाडायला विचारलं होतं, हे काही सांगायची गोष्ट नाही. महिनाभरानं नोटीस लागली. म्यूनिकला मिहिका जाणार होती. तिकीट एकच होतं, आणि ते आपणच काढून तिच्या हातात दिलंय हे दुनियेत फक्त सदानंदाला माहीत होतं. पार्टी मात्र त्यानंही दिली, शारजाच्या रोल्ला बाजारातून मिठाई आणून. त्यातला एक पेढा त्यानं स्वतःही खाल्ला.

यंदाच्या सप्टेंबरात तिचा व्हिडिओ आला. केवढा तो तंबू, केवढी ती माणसं, आणि एकदम हजारोंची आरोळी. खाली मिहिकानं लिहिलं होतं, 'काका, इथे सगळे चुकीचं म्हणतायत.' सदानंदानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. दर वेळी तो जळला आणि दर वेळी त्यानं परत पाहिला. कान देऊन ऐकलं, तर त्याला अजूनही त्यात जप्तच ऐकू यायचं.

ऑक्टोबरात हॉटेलनं मगांखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या नव्या छापून घेतल्या. त्यांच्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत होतं, 'ओ जप्त इस!' आणि खाली बारीक टायपात, 'या हॉलची जुनी परंपरा'. टी-शर्टही आले. नवे वेटर ते घालून फिरू लागले, त्यांतल्या एकानं सदानंदालाच हा शब्द कसा म्हणायचा ते शिकवलं.

सुटीच्या दिवशी तो अल मजाजला तळ्याकाठच्या बाकावर बसला होता. त्यानं गावी फोन लावला. बाबाजींना आताशा कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, शेजारच्या बाकावरच्या बाया वळून बघत होत्या. हॉटेल, गोष्ट, टाळ्या, म्यूनिक, चकत्या. बाबाजींनी मध्ये एकदा विचारलं, "मगे तू कित्याक नाय गेलंस?"

"माका नाय धाडल्यानी, बाबा. ती गेली. तुमची गोष्ट पण तिनाच सांगितल्यान. आणि माझो शब्द होतो, तो हाटेलान छापून घेतल्यान."

"म्हंजे सगळा जप्त."

"होय. जप्त."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पावती घेतलंस?"

सदानंदाच्या हातात चकती होती. एक खिशात घालून आणली होती, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

"घेतलंय," तो म्हणाला. "पण तिच्यार नाव घालूक नाय कोणी."

"माका तर कागदय गावलो नाय," बाबाजी म्हणाले. "तू ती जपान ठेव."

फोन ठेवल्यावर सदानंदानं शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि चकतीच्या कोऱ्या बाजूवर, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, पुरतं नाव घातलं. सदानंद बाबाजी मयेकर.